ऑपरेटिंग सिस्टीमची लढाई : कोण जिंकतं आणि का?

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.)



विषयाचं नाव तांत्रिक आहे, पण प्रश्न घरातलाच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. ज्यांनी नाव नोंदवलं त्यांना सुरक्षा अपडेटसाठी आणखी एक वर्ष मिळालं. विंडोज ११ वर जायचं तर मशीनमध्ये टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी, आणि प्रोसेसरही साधारण २०१७-१८ नंतरचा हवा. त्याआधी घेतलेला, रोज व्यवस्थित चालणारा कॉम्प्युटर कागदोपत्री बाद झाला. सीएच्या ऑफिसात, शाळेच्या लॅबमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात अशी मशीनं अजून भरपूर आहेत.

यावर लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, 'चालत्या मशीनला बाद ठरवणारे हे कोण?' दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: 'लिनक्स फुकट मिळतं म्हणतात, मग मी तिकडे का जाऊ शकत नाही?' आजचं सगळं बोलणं या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. त्याचं उत्तर नीट कळलं की गेल्या चाळीस वर्षांत कोण जिंकलं, कोण हरलं, आणि पुढे काय होऊ शकतं, हे बरंचसं आपोआप कळतं.

आठवडी बाजाराची गोष्ट

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय? पुस्तकातली व्याख्या अशी की, यंत्राचे भाग आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्यामधला कारभारी. मेमरी कोणाला किती द्यायची, डिस्कवर कुठे लिहायचं, कीबोर्डवरचं अक्षर कोणत्या प्रोग्रॅमकडे पाठवायचं, हे सगळं ती बघते. व्याख्या बरोबर आहे, पण स्पर्धा समजून घ्यायला ती पुरत नाही.

त्यासाठी आठवडी बाजार डोळ्यांसमोर आणा. गावात गुरुवारी बाजार भरतो. जागा, ओटे, पाणी, दिवे यांची सोय ग्रामपंचायत करते. पण तुम्ही बाजाराला ओटे बघायला जात नाही. भाजी, मिरच्या, चपला आणायला जाता. आता शेजारच्या गावाने गुरुवारीच दुसरा बाजार सुरू केला. ओटे नवे, वर पत्र्याची शेड, गाड्या लावायला जागा. सगळं उत्तम. तरी पहिल्या गुरुवारी तिथे कोण जाईल? विक्रेता म्हणतो, गिऱ्हाईक आलं की येतो. गिऱ्हाईक म्हणतं, माल आला की येतो. बाजार सुनाच राहतो.

ऑपरेटिंग सिस्टीम हा असा बाजार आहे. विक्रेते म्हणजे सॉफ्टवेअर बनवणारे, गिऱ्हाईक म्हणजे आपण. ओटे किती चांगले आहेत यावर बाजार चालत नाही. कोणाचा माल तिथे येतो यावर चालतो. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवा, आणि आता इतिहास बघू.

१९८१ : चाळीस डॉलर आणि दोनशे चाळीस डॉलर

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्या काळी छोट्या कॉम्प्युटरवर सीपी/एम नावाची ऑपरेटिंग सिस्टीम जोरात होती. ती गॅरी किल्डॉल यांची. मायक्रोसॉफ्टकडे तेव्हा देण्यासारखी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती. त्यांनी सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीकडून टिम पॅटरसन यांनी लिहिलेली एक सिस्टीम विकत घेतली, तिच्यात सुधारणा केल्या आणि आयबीएमला दिली. तीच डॉस.

आयबीएमने दोन्ही सिस्टीम विकायला ठेवल्या. किंमत बघा. डॉस ४० डॉलर, आणि काही महिन्यांनी आलेली सीपी/एम-८६ ही २४० डॉलर. गिऱ्हाइकाने काय केलं हे सांगायला नको. पण खरी मेख किमतीपेक्षा करारात होती. डॉस इतर कंपन्यांनाही विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवला. पुढच्या दोन-तीन वर्षांत कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी आयबीएमच्या मशीनशी जुळणारी मशीनं काढली. मशीन कोणाचंही असो, आत डॉस. आयबीएमने बाजाराची जागा बांधली, पण पावती फाडायचं पुस्तक मायक्रोसॉफ्टच्या हातात राहिलं.

ओएस/२ : चांगली असूनही हरलेली

पुढची गोष्ट मला सगळ्यात शिकवणारी वाटते. १९८७ मध्ये आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ओएस/२ आणली. पुढे दोघांचं बिनसलं. मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या मागे लागली आणि ओएस/२ आयबीएमकडे राहिली. १९९२ साली आलेली ओएस/२ ची दुसरी आवृत्ती तेव्हाच्या विंडोजपेक्षा भक्कम होती. एक प्रोग्रॅम अडकला म्हणून अख्खं मशीन बंद पडायचं, ते प्रमाण तिच्यात बरंच कमी होतं. शिवाय आयबीएमने एक मोठी सोय दिली. विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्रॅमही ओएस/२ वर चालत.

वाटतं की ही तर हुकमी चाल. पण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या बाजूने विचार करा. मी विंडोजसाठी प्रोग्रॅम लिहिला तर तो विंडोजवर विकला जातो आणि ओएस/२ वरही चालतो. मग खास ओएस/२ साठी वेगळा खर्च कशाला करू? परिणाम असा की ओएस/२ साठी खास असं फारसं काही लिहिलंच गेलं नाही. १९९५ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आली. तिच्यासाठीचे नवे प्रोग्रॅम ओएस/२ वर चालत नव्हते, आणि सगळं संपलं. बँकांच्या एटीएममध्ये मात्र ओएस/२ पुढेही बरीच वर्षं इमानेइतबारे काम करत राहिली.

यातले आकडे पुढे अमेरिकेतल्या खटल्यात नोंदले गेले. ओएस/२ भरात असताना तिच्यावर सुमारे अडीच हजार प्रोग्रॅम चालत आणि बाजारात तिचा वाटा १० टक्क्यांच्या आसपास होता. विंडोजवरच्या प्रोग्रॅमची संख्या कोर्टाने धरली ती ७० हजारांहून जास्त. अडीच हजार ओटे विरुद्ध सत्तर हजार ओटे, असा तो सामना होता.

कोर्टाने काय ओळखलं?

मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. वरवर भांडण ब्राउझरचं होतं. नेटस्केपचा ब्राउझर लोकप्रिय होता, आणि मायक्रोसॉफ्टने आपला इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजबरोबर फुकट बांधून दिला. ब्राउझर फुकट मिळाला तर लोकांचं काय बिघडलं, असं तेव्हा अनेकांना वाटलं.

न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये जे निष्कर्ष नोंदवले ते वाचण्यासारखे आहेत. त्यांनी म्हटलं की विंडोजला खरी तटबंदी आहे ती तिच्यासाठी लिहिलेल्या हजारो प्रोग्रॅमची. नव्या सिस्टीमला ही तटबंदी ओलांडता येत नाही. नेटस्केप आणि सन कंपनीची जावा भाषा यांची मायक्रोसॉफ्टला भीती का वाटली? कारण त्यांच्यावर लिहिलेले प्रोग्रॅम कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमवर चालू शकले असते. तसं झालं तर खाली विंडोज आहे की आणखी काही, याला महत्त्व उरलं नसतं. बाजारात सगळे विक्रेते टेम्पोवर दुकान मांडायला लागले तर ओट्याचं भाडं कोण देईल? तशी ती भीती.

२००० साली कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश निघाला. २००१ मध्ये वरच्या कोर्टाने तो आदेश रद्द केला, पण मायक्रोसॉफ्टने आपली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली हा मुद्दा कायम ठेवला. शेवटी तडजोड झाली. नेटस्केप तोपर्यंत संपल्यात जमा होती. मात्र मायक्रोसॉफ्टला ज्याची भीती होती ते पुढे खरं झालंच. आज आपण बँकेचं काम, रेल्वेचं तिकीट, सातबारा, सगळं ब्राउझरमध्ये बघतो. त्या कामांपुरतं विंडोज असो की लिनक्स, फरक पडत नाही.

खिशातला बाजार

इथे एक गंमत आहे. विंडोजला डेस्कटॉपवर कोणी हरवलं नाही. बाजारच दुसऱ्या गावाला हलला. २००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये अ‍ॅप स्टोअर आणि पहिला अँड्रॉइड फोन. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये विंडोज फोन आणला. ज्यांनी वापरला ते अजून त्याची आठवण काढतात. स्वच्छ, वेगवान, दिसायला वेगळा. २०११ मध्ये नोकियासारखी कंपनी सोबत आली. तरीही तो बुडाला. का? तीच गोष्ट, फक्त बाजू बदललेली. गूगलने विंडोज फोनसाठी यूट्यूबचं धड अ‍ॅप दिलं नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतः ते बनवलं, तर गूगलने ते अडवलं. इन्स्टाग्रामला यायला २०१३ चा शेवट उजाडला. ज्या तटबंदीच्या आत मायक्रोसॉफ्ट वीस वर्षं सुरक्षित होती, तिच्याच बाहेर ती आता उभी होती.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये जिओफोन आला, पंधराशे रुपये अनामत भरून. त्यात काइओएस नावाची सिस्टीम होती. ती मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमधून निघालेली. लोकांनी घेतला, पण सगळ्यांचा प्रश्न एकच: 'यात व्हॉट्सअ‍ॅप आहे का?' सप्टेंबर २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप आलं, आणि मगच तो फोन पुष्कळांना खरा फोन वाटला. ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं? कोणालाच नाही म्हटलं तरी चालेल.

उलट बाजूचं उदाहरण चीनचं. मे २०१९ मध्ये अमेरिकेने हुआवेवर निर्बंध घातले. अँड्रॉइडचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला आहे, तो वापरायला हुआवेला अडचण नव्हती. पण प्ले स्टोअर, नकाशे, यूट्यूब हे गूगलचं आहे, ते नव्या फोनवर देता येईना. युरोपातली त्यांची विक्री कोसळली. चीनमध्ये मात्र फोन खपत राहिले, कारण तिथे गूगलच्या सेवा आधीपासूनच नव्हत्या. तिथल्या माणसाला वीचॅट हवं, पैसे द्यायला अलीपे हवं. हुआवेने स्वतःची हार्मनी ओएस वाढवत नेली, आणि २०२४ मध्ये आलेल्या आवृत्तीत तर अँड्रॉइडचे अ‍ॅप चालवणंच बंद केलं. आठवतं ना, ओएस/२ ने काय चूक केली होती? ती त्यांनी टाळली. पण त्यामागे चीनएवढी बाजारपेठ आणि देशातल्या कंपन्यांचा पाठिंबा होता, हे विसरू नये.

कुलूप कुठे आहे?

हुआवेच्या गोष्टीतून आणखी एक धागा निघतो. खुला कोड असणं आणि खुली स्पर्धा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे. तेच लिनक्स, जे लायनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलं. आज जगातले सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. म्हणजे 'लिनक्स हरलं' असं म्हणणं बरोबर नाही. ते जिंकलं, फक्त आपल्याला दिसेल अशा ठिकाणी त्याचं नाव नाही.

मग कुलूप कुठे? वरच्या थरात. स्टोअर, नकाशे, आधीपासून भरून दिलेले अ‍ॅप आणि कंपन्यांशी केलेले करार यांत. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये याच कारणावरून गूगलला ४३४ कोटी युरोचा दंड केला. आपल्या भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. आयोगाचा आक्षेप असा की, फोन बनवणाऱ्याला प्ले स्टोअर हवं असेल तर गूगलचे बाकीचे अ‍ॅपही घ्यावे लागतात, ते मोक्याच्या जागी ठेवावे लागतात, आणि अँड्रॉइडची वेगळी आवृत्ती काढण्यावर बंधनं येतात. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, काही निर्देश मात्र रद्द केले. त्याआधीच जानेवारीत गूगलने भारतातल्या फोन कंपन्यांना अ‍ॅप सुटे सुटे घेण्याची मुभा जाहीर केली होती.

मोक्याची जागा किती किमतीची असते? अमेरिकेतल्या दुसऱ्या खटल्यात उघड झालं की आयफोनच्या ब्राउझरमध्ये शोधासाठी गूगल आधीपासून निवडलेलं असावं, यासाठी २०२२ या एका वर्षात गूगलने अ‍ॅपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले. आपण ते सेटिंग बदलू शकतो. बदलत नाही. त्या 'बदलत नाही'ची ही किंमत आहे.

मराठीने भोगलेलं कुलूप

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर आपल्या अक्षरांकडे या. ज्यांनी नव्वदच्या दशकात किंवा त्यानंतरही डीटीपी केलंय त्यांना माहीत आहे. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा आणि त्यातल्या अक्षरांची जागाही वेगळी. एका फॉन्टमध्ये केलेली लग्नपत्रिका दुसऱ्या मशीनवर उघडली की सगळी चिन्हांची खिचडी. (हशा) भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण होतं, युनिकोडही १९९१ पासून होतं. पण रोजच्या कॉम्प्युटरवर मराठी युनिकोडमध्ये नीट दिसायला विंडोज २००० यावी लागली. तिच्याबरोबर मंगल हा फॉन्ट आला. त्याचे रचनाकार आपले प्रा. र. कृ. जोशी.

यातून दोन धडे मिळतात. पहिला, कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमने आपल्या लिपीकडे लक्ष दिलं नाही तर आपण मुके होतो. दुसरा जास्त कडू आहे. जुन्या फॉन्टमध्ये केलेली हजारो पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांची इतिवृत्तं आजही शोधता येत नाहीत. फाइल आहे, मजकूर आहे, पण 'तुकाराम' असा शब्द टाकून शोधलं तर काही सापडत नाही. कितीतरी छापखाने केवळ जुन्या फाइलींसाठी एखादं जुनं मशीन जपून ठेवतात. आपण ऑपरेटिंग सिस्टीमला बांधलेले नसतोच मुळी. आपण आपल्या कामाला बांधलेले असतो, आणि काम ज्या फाइलीत अडकलंय तिला.

मग दुसरीकडे जाता येतं का?

येतं, पण क्रम महत्त्वाचा. जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये ठरवलं की पालिकेचे कॉम्प्युटर लिनक्सवर न्यायचे. दहा वर्षांत सुमारे १५ हजार मशीनं नेली. आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर यायचं ठरलं. राजकारण होतं, पण कर्मचाऱ्यांच्या तक्रारीही होत्या: बाहेरून आलेली फाइल नीट उघडत नाही, अमुक विभागाचा खास प्रोग्रॅम चालत नाही.

आता जर्मनीतलंच श्लेस्विग-होल्स्टाइन हे राज्य हा प्रयोग करत आहे. २०२४ मध्ये त्यांनी सुमारे ३० हजार सरकारी कॉम्प्युटरसाठी निर्णय जाहीर केला. त्यांचा क्रम बघा. सुरुवात विंडोज काढण्यापासून नाही. आधी लिब्रेऑफिस आणि फाइलींचा खुला नमुना. माल आधी हलवायचा, ओटा नंतर. यश येईल का ते कळेल, पण विचार बरोबर दिशेने आहे. केरळच्या सरकारी शाळांनीही हेच केलं. तिथे गेली अनेक वर्षं मुलं लिनक्सवर शिकतात, कारण अभ्यासक्रम, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि लागणारे प्रोग्रॅम, सगळं एकत्र तयार केलं गेलं.

आपल्याकडे एमएस-सीआयटी केलेले इथे किती जण आहेत? बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. त्यातलं 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट, मायक्रोसॉफ्ट नव्हे. पण शिकलो काय? विंडोज आणि एमएस ऑफिस. (हशा) त्या कोर्सने लाखो लोकांच्या मनातली कॉम्प्युटरची भीती घालवली, हे मोठं काम आहे. पण सवयही एकाच बाजाराची लागली.

पुढे काय?

भविष्य सांगणाऱ्याची फजिती होते, म्हणून मी फक्त तीन ठिकाणं दाखवतो जिथे बाजार हलताना दिसतोय.

एक, खेळ. व्हॉल्व्ह ही कंपनी स्टीम नावाचं खेळांचं दुकान चालवते. त्यांनी २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं, ज्यामुळे विंडोजचे खेळ लिनक्सवर चालतात. २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं लिनक्सवरचं मशीन आणलं आणि ते चाललं. तुम्ही म्हणाल, ओएस/२ ने हेच केलं आणि ती बुडाली. फरक एकच. व्हॉल्व्हची कमाई दुकानातून आहे, ओट्याच्या भाड्यातून नाही. लिनक्ससाठी खास खेळ लिहिले गेले नाहीत तरी त्यांचं बिघडत नाही.

दोन, कायदा. युरोपात २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना 'द्वारपाल' ठरवून नियम लागू झाले. अ‍ॅपलला तिथे दुसऱ्यांची अ‍ॅप स्टोअर येऊ द्यावी लागली. खटला दहा वर्षं चालेपर्यंत नेटस्केप मरते. म्हणून गुन्हा सिद्ध होण्याची वाट न बघता आधीच नियम, असा हा बदल आहे.

तीन, एआय. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या कीबोर्डवर कोपायलटचं नवं बटण जाहीर केलं. असं बटण तिथे वाढण्याची वेळ तीसएक वर्षांनी आली. मोक्याची जागा मिळवायची तीच जुनी धडपड. उद्या तुम्ही मदतनीसाला म्हणालात, 'पुण्याचं तिकीट काढ,' तर कोणत्या अ‍ॅपमधून काढायचं हे तो ठरवेल. अ‍ॅप बनवणारे गिऱ्हाइकाला थेट दिसणारच नाहीत. बाजारात मालाशेजारी एक दलाल उभा राहील, आणि भांडण ओट्यांवरून उठून दलालीवर येईल. तो दलाल मला बदलता येईल का? त्याला माझ्याबद्दल जे कळलंय ते घेऊन मला दुसऱ्याकडे जाता येईल का? पुढच्या दहा वर्षांतली स्पर्धा या दोन प्रश्नांवर ठरेल, असं माझं मत आहे.

आपल्या हातात काय आहे? मशीन बाद व्हायच्या आधी एक कागद घ्या आणि रोजची कामं लिहा. त्यापुढे लिहा की हे काम ब्राउझरमध्ये होतं, की एखाद्या ठरावीक प्रोग्रॅममध्येच होतं. सगळी कामं पहिल्या प्रकारची असतील, तर तुमच्या जुन्या मशीनवर लिनक्स टाका, ते आणखी काही वर्षं चालेल. एक-दोन दुसऱ्या प्रकारची असतील, तर कुलूप नेमकं कुठे आहे ते तुम्हाला सापडलं. आणि मराठी मजकूर आजपासून फक्त युनिकोडमध्ये ठेवा.

आता प्रश्न घेऊ.

निवडक प्रश्नोत्तरं

प्रश्न : माझं डीटीपीचं काम आहे. मी लिनक्सवर जावं का?

उत्तर : आज नको. तुमचं गिऱ्हाईक इनडिझाइनची फाइल मागतं आणि अडोबी तो प्रोग्रॅम लिनक्ससाठी देत नाही. मराठी टायपिंगची अडचण नाही, लिनक्सवर ते उत्तम होतं. तुमच्यासाठी जास्त निकडीचं काम वेगळं आहे: जुन्या फॉन्टमधल्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घेणं. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. पण बदललेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घाला, जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

प्रश्न : भारताची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम का नाही?

उत्तर : आहे. सीडॅकने लिनक्सवरून बॉस ही सिस्टीम काढली, त्याला बरीच वर्षं झाली. २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या पाठबळाने तयार झालेली भारओएस जाहीर झाली. आपल्याकडे ती बनवणारे हुशार लोक पूर्वीही होते, आजही आहेत. ओटा बांधता येतो. पण सरकारी पोर्टल, हिशेबाचे प्रोग्रॅम, बँकांचे अ‍ॅप तिथे आले नाहीत तर गुरुवारी तिथे कोणी फिरकणार नाही. म्हणून सरकारने आधी स्वतःच्या वेबसाइट आणि फॉर्म कोणत्याही सिस्टीमवर चालतील असे करावेत. तो खर्च कमी आणि उपयोग जास्त.

प्रश्न : एकच सिस्टीम सगळीकडे असली तर सोपं नाही का? स्पर्धा कशाला हवी?

उत्तर : सोपं आहे, हे मान्य. शिकणं एकदाच, दुरुस्ती करणाराही कोपऱ्यावर मिळतो. पण मग सुरुवातीचा प्रश्न पुन्हा येतो. तुमचं चालतं मशीन कोणत्या तारखेला बाद, हे एकटा ठरवतो आणि तुम्ही फक्त ऐकून घेता. दुसरा बाजार चालू असेल, तर तुम्ही तिथे न जाताही पहिल्या बाजाराचं भाडं आटोक्यात राहतं.